स्टीडनचा रग्बी लीगचा बॉल: तीन वर्षं वापरून लिहितेय, आणि त्या निमित्तानं नेथन क्लिअरी

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की ओळखीतल्या दोन-तीन आया विचारतातच, अगं पोराला लीगला घातलंय, बॉल कुठला घेऊ? आणि दरवर्षी मी फोनवर अर्धा अर्धा तास बोलत बसते. म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढतेय. लांबेल, पण ज्यांना खरंच घ्यायचाय त्यांनी पूर्ण वाचा, कारण नुसतं "स्टीडनचा घ्या" एवढं सांगून भागत नाही, कुठल्या मापाचा आणि कशासाठी हे कळलं पाहिजे.

आम्ही २०१९ पासून पेनरिथजवळ राहतो, सिडनीच्या पार पश्चिमेला, जिथून ब्लू माउंटन्स सुरू होतात तिथे. उन्हाळ्यात भट्टी असते इकडे, ४ जानेवारी २०२० ला इथे ४८.९ डिग्री झालं होतं, आम्ही ओले टॉवेल खिडक्यांना लावून बसलो होतो. माझं माहेर सांगलीचं. घरात कबड्डी होती, आण्णा म्हणजे माझे वडील तरुणपणी खेळायचे, त्यामुळे अंगाला माती लागलेली पोरं मला नवीन नाहीत. पण रग्बी लीग काय असतं हे इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं. इथे मात्र शेजारी, शाळा, भाजीवाला, सगळीकडे एकच विषय, पँथर्स म्हणजे पेनरिथची टीम जिंकली का.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रग्बीचे दोन प्रकार आहेत, युनियन आणि लीग. युनियन १५ जणांचं, लीग १३ जणांचं. लीगमध्ये बॉल घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं, उठून पायानं बॉल मागे सरकवायचा आणि परत खेळ सुरू. असं सहा वेळा धरलं की बॉल समोरच्याला द्यायचा. क्रिकेटच्या ओव्हरला सहा बॉल असतात ना, तसे हे सहा टॅकल समजा. म्हणून पाच टॅकल झाले की बहुतेक वेळा बॉलला किक मारतात, फुकट हातात देण्यापेक्षा लांब मारलेला बरा. रेषेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय, त्याचे ४ पॉइंट्स, मग वरून किक मारून दोन खांबांच्या मधून घातला की आणखी २. म्हणजे हा पळायचा आणि भिडायचा खेळ दिसतो खरा, पण मॅचचा निकाल पुष्कळ वेळा एका माणसाच्या पायावर ठरतो. तो माणूस म्हणजे सात नंबरची जर्सी घालणारा हाफबॅक. आमच्या इकडे सात नंबर म्हटलं की एकच नाव, नेथन क्लिअरी.

माझा लेक आता ११ वर्षांचा आहे आणि तो नेथनवेडा आहे. नेथनमुळेच आमच्या घरात बॉल आला म्हणून त्याच्याबद्दल लिहिणं भाग आहे.

पहिल्यांदा काय झालं ते सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. लेक आठ वर्षांचा होता, वाढदिवस होता, मी ऑफिसमधून येताना मॉलमधल्या एका खेळाच्या दुकानात गेले आणि सांगितलं की रग्बीचा बॉल द्या. तिथल्या पोरानं एक छान पांढरा-हिरवा बॉल हातात ठेवला, मी घेतला, ह्यांनी रात्री त्यात हवा भरली, सकाळी लेकानं बघितला आणि एकदम गप्प झाला. म्हणाला, आई, हा युनियनचा आहे. मला तर दोन्ही लंबगोलच दिसतात! पण शेजारी ठेवून बघितले तर फरक कळतो, युनियनचा थोडा जाडसर, टोकाला बोथट, आणि लीगचा जरा सडपातळ आणि टोकदार. दुकानात परत घेऊन गेले तर म्हणे हवा भरलेला बॉल परत घेत नाही. विकताना कुठला खेळ एवढं तरी विचारायला नको होतं का? पोराचा वाढदिवस गेला तो गेला. तर दुकानात गेल्यावर नुसतं "रग्बी" म्हणू नका, "लीग" म्हणा, दोनदा म्हणा, आणि बॉलवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

मग पुढच्या शनिवारी क्लबच्या एका जुन्या कोचकाकांनी सांगितलं म्हणून स्टीडनचा घेतला. हे नाव रेमंड स्टीडन नावाच्या माणसाचं, १९५८ सालापासूनची ऑस्ट्रेलियातली कंपनी, आणि एनआरएलच्या मॅचेसना म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगला हाच बॉल असतो. टीव्हीवर नेथनच्या हातात जो असतो तोच. लेकासाठी तेवढं पुरेसं होतं, पण मी आई आहे, मला तेवढं पुरेसं नव्हतं, मी बॉल हातात घेऊन चांगला चाचपून बघितला.

चार पाकळ्या शिवून केलेला असतो. वरून सगळीकडे बारीक बारीक रबरी दाणे, बोट फिरवलं की खरखर लागते, कारल्याची साल असते ना, पण अगदी बारीक, तसं काहीतरी. हे दाणेच सगळ्यात महत्त्वाचे. इथे जून-जुलैमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, सकाळी आठला मॅच असते, मैदानावर एवढं दव की बूट चपचपीत, पोरांची बोटं गारठून लाल झालेली, आणि तशात पळता पळता बॉल झेलायचा, तेव्हा गुळगुळीत बॉल असला तर साबणासारखा निसटतो. खेळण्यांच्या दुकानात ते क्लबच्या रंगाचे चकचकीत बॉल मिळतात, आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवायला ठीक आहेत, पण खेळायला घेऊ नका. आमच्याकडे वाढदिवसाला आलेला असा एक आहे, दवात एकदा नेला, तीन झेल सुटले, लेकानं परत नेला नाही.

माप नीट बघा. लहान पोरांसाठी मिनी, त्याच्या वर मॉड, आणि मोठ्यांचा पूर्ण मापाचा, ज्याला साइज ५ म्हणतात, तो साधारण २७ सेंटिमीटर लांब. कुठल्या वयाला कुठला ते क्लब सांगतो, त्यांना विचारूनच घ्या. इथे आपल्या लोकांची एक सवय आहे (माझीसुद्धा होती), की वाढत्या अंगाचं घ्यावं. शाळेचा युनिफॉर्म एक माप मोठा घेतो तसा बॉलपण मोठाच घेऊ, दोन वर्षं जास्त चालेल. अजिबात करू नका. पोराच्या हातात बॉल मावला नाही तर तो छातीशी कवटाळून धरतो, मग पास देता येत नाही, आणि मोठा जड बॉल लहान पावलानं मारून मारून किकची सवयच चुकीची लागते, ती नंतर मोडता मोडत नाही. आमचे तीन वर्षांत दोन बॉल झाले, आधी मिनी, मग मॉड. मिनी अजून घरात आहे, दाणे झिजलेत पण शिवण शाबूत आहे आणि हवा धरतो. तीन वर्षं रोज, म्हणजे पाऊस, चिखल, शेजाऱ्यांच्या कौलावर एक आठवडा, सगळं सोसून.

आता नेथन. तुम्ही म्हणाल बॉलच्या रिव्ह्यूत हे कशाला. सांगते. पोराला बॉल घेऊन दिला की आई-बापांना वाटतं झालं, आता खेळेल. आणि मग पोरगं दोन आठवडे खेळतं आणि बॉल गॅरेजमध्ये जातो. आमचा गेला नाही, कारण लेकाला नेथनची पहिल्या टीममधली पहिली पाच वर्षं तोंडपाठ आहेत, आणि ती मलापण त्यानं एवढ्या वेळा ऐकवलीत की मीपण जुन्या मॅचेस बघायला लागले.

जन्म नोव्हेंबर १९९७, सिडनीत. वडील आयव्हन क्लिअरी स्वतः खेळाडू आणि नावाजलेले किकर, १९९८ साली रूस्टर्स या सिडनीच्या टीमकडून एका सीझनमध्ये २८४ पॉइंट्स केले होते, तेव्हाचा तो विक्रम होता. पुढे ते न्यूझीलंड वॉरियर्सचे कोच झाले त्यामुळे नेथनचं लहानपण बरंचसं ऑकलंडमध्ये गेलं. २०१२ मध्ये आयव्हन पेनरिथचे कोच झाले आणि कुटुंब इकडे आलं, नेथन तेव्हा १४ वर्षांचा. इथपर्यंत ऐकलं की कुणीही म्हणेल, बरोबर आहे, बाप कोच, पोराला सगळं ताटात वाढून मिळालं.

पण तसं झालं नाही. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पेनरिथनं आयव्हनना काढून टाकलं. पोरगा त्याच क्लबच्या ज्युनिअर टीममधून वर येत होता, १८ पूर्ण व्हायला एक महिना बाकी, आणि ज्या क्लबनं बापाला घरी पाठवलं तिथेच त्याला रोज सकाळी ट्रेनिंगला जायचं. मी आई म्हणून हे सारखं डोळ्यासमोर आणून बघते. आपल्याकडे असं झालं असतं तर मामा-काका सगळे म्हणाले असते, थुंक त्या क्लबवर, चल दुसरीकडे. नेथन राहिला. आठ महिन्यांनी, जून २०१६ मध्ये, नव्या कोचनं म्हणजे अँथनी ग्रिफिननी त्याला पहिल्या टीममध्ये घेतलं. पहिली मॅच मेलबर्नला, मेलबर्न स्टॉर्मच्या मैदानावर, स्टॉर्म म्हणजे त्या काळातली सगळ्यात शिस्तीची टीम. पेनरिथ हरली. पोरगा १८ चा, बारीक अंगाचा, केस कपाळावर. हाफबॅक बारीक असला की समोरचे मुद्दाम त्याच्याच अंगावर पळत येतात, त्याला दमवायला, कबड्डीत कच्चा गडी शोधून त्याच्या कोपऱ्यात शिरतात तसं. ती मॅच मी नंतर बघितली आणि मला किकबिक काही आठवत नाही, मला एवढंच आठवतं की हा दर वेळी खाली वाकून धरतोय, आपटतोय, उठून परत रांगेत उभा राहतोय.

त्याच वर्षी पेनरिथ फायनल्सपर्यंत, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांपर्यंत गेली आणि पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, १९ वर्षांच्या या पोरानं २२८ पॉइंट्स केले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. ११ ट्राय आणि ९२ गोल. हिशोब करा, ११ चोक ४४ आणि ९२ दुणे १८४. म्हणजे २२८ मधले १८४ नुसते उभ्या बॉलला मारलेल्या किकचे. लेकाला पाढे नकोसे होतात पण हा हिशोब त्यानं मला कागदावर करून दाखवला होता.

इथे मी थांबून बॉलकडे येते, कारण हा आकडा माझ्या डोक्यात बसला तो बॉलमुळे. गोल किक म्हणजे काय, तर सगळा खेळ थांबलेला असतो, मैदानात एकटा माणूस, एक बॉल, आणि लांबवर दोन खांब. पूर्वी बादलीतून वाळू आणून तिचा छोटा ढीग करायचे आणि त्यावर बॉल ठेवायचे, आता प्लॅस्टिकचा छोटा स्टँड असतो, त्याला टी म्हणतात. आम्ही टी घेतला तेव्हा लेकाला वाटलं होतं टीव्हीत जातो तसा सरळ जाईल. पहिल्या दिवशी बॉल दहा पावलंसुद्धा नीट गेला नाही, टीच लांब उडाला. या बॉलची गंमत अशी आहे की तो लबाडी चालवून घेत नाही. गोल बॉलला कुठेही लाथ घाला, तो जरा तरी पुढे जातोच. लंबगोल बॉलला पाव इंच इकडेतिकडे लागलं की तो बगलेला जाऊन पडतो. शिवणीची रेघ खांबांच्या दिशेला ठेवायची, खालच्या बाजूला नेमकं पावलाचं हाड लागलं पाहिजे, आणि लागलं की आवाजच वेगळा येतो, भरीव, थप्प असा. चुकलं की पोकळ. आता मी स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून सांगते की गेला का नाही.

२०१८ चं वर्ष बघा. नेथन २० चा. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोन राज्यांची दरवर्षी तीन मॅचेसची सिरीज असते, स्टेट ऑफ ओरिजिन, इथे त्या रात्री रस्ते रिकामे होतात. २००६ पासून २०१७ पर्यंतच्या १२ सिरीजपैकी ११ क्वीन्सलंडनं जिंकलेल्या. आमच्या राज्याला सात नंबर सापडत नव्हता, जो येईल त्याचा पेपरवाले चुराडा करायचे. आणि कोच ब्रॅड फिटलरनी त्या जागी पेनरिथचं हे पोरगं उभं केलं. बाजूला जेम्स मलोनी, तोही तेव्हा पेनरिथचा, अनुभवी, म्हणजे जोडी ओळखीची. पहिली मॅच मेलबर्नच्या एमसीजीवर २२-१२, दुसरी सिडनीत १८-१४, सिरीज खिशात. तिसरी हरले पण तोपर्यंत काम झालं होतं.

त्याच वर्षी घरचा गुंता पण चालू होता. आयव्हन तोपर्यंत वेस्ट्स टायगर्सचे कोच झाले होते, आणि सगळीकडे एकच चर्चा, पोरगा बापाकडे जाणार का बाप पोराकडे येणार. शेवटी बापच आला, २०१९ पासून आयव्हन परत पेनरिथचे कोच. ज्या क्लबनं काढलं त्यांनीच परत बोलावलं. आणि पहिल्याच वर्षी टीम दहाव्या नंबरवर! लोकांनी काय काय म्हटलं असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता, आपल्याकडे कोच बाप आणि खेळाडू मुलगा असला की काय बोलतात ते सगळ्यांना माहितीय.

मग २०२०. एप्रिलमध्ये लॉकडाऊनचे नियम मोडल्याबद्दल नेथनवर दोन मॅचेसची बंदी आली, ती त्याची चूकच होती, आणि मी लेकाला हेही सांगितलंय, कारण आवडता खेळाडू आहे म्हणून झाकून ठेवायचं नसतं. त्यानंतर मात्र पेनरिथ सलग १७ मॅचेस जिंकली. फायनलला पुन्हा समोर मेलबर्न स्टॉर्म. त्या फायनलमध्ये नेथनचा एक पास स्टॉर्मच्या सुलियासी वुनिवालूनं मधल्यामध्ये उचलला आणि जवळजवळ अख्खं मैदान पळून ट्राय केला. हाफटाइमला २२-०, नंतर २६-०. शेवटी शेवटी पेनरिथनं २० केले पण ते उशिराच. २६-२० हरले. २२ वर्षांचं पोर, सगळं वर्ष जिंकून शेवटच्या दिवशी स्वतःच्या हातून अशी चूक.

२०२१ ची फायनल आम्ही घरात कोंडलेले असताना बघितली. ३ ऑक्टोबर, सिडनीचं लॉकडाऊन उठायला अजून आठवडा होता, फायनल इथे होऊच शकत नव्हती म्हणून ब्रिस्बेनला नेलेली. लेक तेव्हा सात वर्षांचा, घरात डांबून ठेवलेलं पोर, चिडचिडा झालेला. त्या दिवशी पहिल्यांदा तो ऐंशी मिनिटं एका जागी बसला. नेथन दुखऱ्या खांद्यानं खेळत होता, ओरिजिनमध्ये दुखावलेला तो खांदा. समोर साउथ सिडनी. १४-१२ जिंकलो, दोन पॉइंटांनी! बेस्ट खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल मेडल नेथनला. ट्रायमध्ये त्याचा नंबर नव्हता, पण जिथे बॉल पडायला हवा तिथे तो पाडत होता, दर वेळी साउथ्सना आपल्या कोपऱ्यातून सुरुवात करायला लागायची. लेकानं त्या दिवशी विचारलं, आई, तो बॉल असा थरथरत का पडतो? नेथन उंच किक मारायचा, तिला इथे बॉम्ब म्हणतात, आणि त्या वर्षी त्याचे बॉम्ब फिरायचेच नाहीत, हवेत डगमगत खाली यायचे, झेलणारा शेवटच्या क्षणापर्यंत पाय सरकवत राहायचा. फिरकी नसलेला बॉल हवेत कुठे वळेल ते सांगता येत नाही म्हणून. आमच्या घरातलं बॉलचं वेड तिथून सुरू झालं. पुढच्या वाढदिवसाला मी तो चुकीचा बॉल आणला, ते वर सांगितलंच.

तो बॉम्ब स्टीडनच्या मॉड बॉलनं लेकाला आत्ता आत्ता जमायला लागलाय. हातातून बॉल वर उडवायचा नाही, नुसता सोडायचा, पावलावर पडू द्यायचा, ही पहिली गोष्ट कोचकाकांनी शिकवली, आणि एवढं एक जमायला त्याला चार महिने लागले. मग ग्रबर, म्हणजे जमिनीलगत टप्पे खात जाणारी किक. टोकदार बॉल असल्यामुळे दोन-तीन टप्पे सरळ जातो आणि मग एकदम उसळून हातात येतो किंवा दुसरीकडेच पळतो. बॉलमध्ये हवा कमी असली की ग्रबर मेलाच, बसून राहतो. म्हणून दर आठवड्याला हवा बघा, अंगठ्यानं दाबून जरा कडक लागला पाहिजे.

२०२३ मध्ये आण्णा आले होते सांगलीहून तीन महिने. पहिल्या दिवशी म्हणाले, ही कसली मारामारी? दुसऱ्या शनिवारी लेकाच्या मॅचला नेलं, मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले, आणि एका पोरानं पळणाऱ्याच्या मांड्यांना मिठी घालून त्याला आडवा केला तसे उठून उभेच राहिले. पकड आहे ही, म्हणाले, चांगली पकड आहे, डोकं बाजूला ठेवलंय बघ पोरानं. तिथून पुढे रोज संध्याकाळी ते आणि नातू अंगणात. आण्णांचं एकच, बॉल राहू दे, आधी पाय रोवायला शिक. मला कोचकाका नंतर म्हणाले की याचं टॅकल एकदम सुधारलं कसं काय.

आणि त्याच वर्षीची फायनल आण्णांनी आमच्याबरोबर बघितली. १ ऑक्टोबर, दुसऱ्या दिवशी लेबर डेची सुट्टी म्हणून लेकाला जागायची परवानगी. समोर ब्रिस्बेन ब्रॉन्कोज. त्यांच्या एझ्रा मॅमनं तीन ट्राय ठोकले आणि आम्ही २४-८ असे मागे पडलो. वीसेक मिनिटं राहिली होती. ह्यांनी रिमोट उचलला. लेक रडवेला झालेला पण म्हणाला, बंद नका करू. त्यानंतर जे झालं ते मी सांगून तुम्हाला कळणार नाही, बघायलाच हवं. आमच्या मोझेस लिओटाचा ट्राय. मग नेथनची ती ४०/२० किक. म्हणजे स्वतःच्या ४० मीटर रेषेच्या मागून मारायची, बॉल मैदानात टप्पा खाऊन समोरच्यांच्या शेवटच्या २० मीटरमध्ये कडेनं बाहेर गेला पाहिजे, तर बॉल परत तुम्हालाच, सहा टॅकल नव्यानं. कडेचा तेवढाच तुकडा असतो, आणि तिथे हा थकलेल्या पायानं घालतो. मग आमच्याच स्टीफन क्रायटनचा ट्राय. आणि चार मिनिटं राहिली असताना नेथन स्वतः बॉल घेऊन आत घुसला, ट्राय, आणि वरची किक पण त्यानंच मारली. २६-२४. आण्णांना इंग्रजी कॉमेंट्री कळत नव्हती, पण शेवटच्या किकला त्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला होता की मनगटावर बोटं उठली. पेनरिथची ही सलग तिसरी ट्रॉफी. २०२४ ला चौथी आली.

मला ती शेवटची किक बघताना २०१७ चे ते ९२ गोल आठवत होते. आणि २०२० चा तो पास.

तर बॉल. ट्रेनिंगचा घ्या का मॅचचा? लहान पोरांना ट्रेनिंगचा पुष्कळ झाला, आम्हाला मॉड साइजचा ४० डॉलरच्या आत मिळाला, मॅच बॉल महाग असतो आणि तो क्लब मॅचच्या दिवशी देतोच. टी वेगळा घ्या, प्लॅस्टिकचा साधा, पण एवढा ठेंगणा घ्या की बॉल डगमगणार नाही. माउथगार्डवर मात्र पैसे वाचवू नका, ते आधी, बॉल नंतर. डांबरी रस्त्यावर किंवा ड्राइव्हवेवर खेळू देऊ नका, कुठलाही बॉल असू दे, दाणे महिन्यात घासून सपाट होतात, मिनीचं आमच्या हातून तेच झालं. चिखल लागला तर ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा, गाडीच्या डिकीत उन्हाळ्यात विसरू नका, पेनरिथच्या उन्हात तर नाहीच नाही.

मॅच बघायला न्यायचं असेल पोरांना तर लक्षात ठेवा, पेनरिथचं स्टेडियम नव्यानं बांधायला काढलंय म्हणून २०२५ पासून पँथर्सच्या घरच्या मॅचेस पॅरामॅटाला असतात, स्टेशनवरून चालत जाता येतं. अर्धा-पाऊण तास आधी पोचा, तेव्हा किकर्स सराव करत असतात. आम्ही दर वेळी जातो. लेक कुंपणाला टेकून उभा असतो, स्वतःचा बॉल काखेत घेऊन, आणि नेथन किक मारतो तसा याचा उजवा पाय आपोआप हलतो.

आणि हो, हवा भरताना पंपाची पिन आधी ओली करून घ्या, कोरडी घातली तर आतला वॉल्व्ह फाटतो. आमच्या गल्लीत दोन चांगले बॉल तेवढ्यावरून गेलेत.